पाठीवरची वर्तुळं

नर्सने त्यांचा कुर्ता पाठीमागून वर केला आणि तिचा हात तिथेच थांबला.

अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या त्या दवाखान्यात अहिल्याबाई दर महिन्याला रक्त तपासायला यायच्या. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी होती, आणि ते किती पातळ होतंय यावर लक्ष ठेवावं लागे. आज आकडा फार वर गेला होता. अंगावर कुठे रक्त साकळलंय का ते बघायला नर्स आली होती. सून राधिका शेजारच्या खुर्चीत बसली होती.

पाठीवर, खांद्यांपासून कमरेपर्यंत, वांग्याच्या सालीच्या रंगाची मोठमोठी वर्तुळं उमटलेली होती.

"अहो आई, हे काय?" राधिका उठून उभी राहिली.

"पडले," अहिल्याबाई म्हणाल्या. मग नर्ससाठी इंग्रजीत, "फॉल. होम."

पडून पाठीवर अशी एकसारखी वर्तुळं उमटत नाहीत, हे खोलीतल्या तिघींनाही कळत होतं. नवीन औषध, काढा, सप्लिमेंट काही सुरू केलंय का, असं नर्सने विचारलं. अहिल्याबाईंनी मान हलवून नाही म्हटलं. मग नर्स राधिकाकडे वळली आणि फार गोड आवाजात तिला बाहेर बसायला सांगितलं.

दार बंद झाल्यावर तिने खुर्ची जवळ ओढली आणि एकेक शब्द सुटा करून विचारलं, "घरी तुम्हाला कोणी मारतं का? कोणाची भीती वाटते का?"

"नो, नो," अहिल्याबाई म्हणाल्या. पण त्यांचे डोळे भरून आले आणि नर्सने ते पाहिलं.

खरं काय ते सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण ती शंतनूपर्यंत पोचली असती.

शंतनू त्यांचा मुलगा. डॉक्टरांच्या औषधाबाहेरच्या कुठल्याही उपचाराचं नुसतं नाव काढलं तरी तो पेटायचा, आणि त्याला कारण होतं. त्याचे वडील प्रल्हादराव मधुमेहाच्या गोळ्या गुपचूप बंद करून कोणा ओळखीच्याने दिलेलं चूर्ण घेत राहिले. घरात कळलं तेव्हा मूत्रपिंडं कामातून गेली होती. शंतनू तेव्हा अमेरिकेत नोकरीला नवा होता. विमानतळावरून तो थेट स्मशानात पोचला. त्यानंतर घरात कोणी सर्दीसाठी काढा उकळला तरी त्याचा चेहरा बदलायचा.

आणि तरीही अहिल्याबाई मे चेनकडे गेल्या होत्या. मे साठीतली, चिनी उपचारांचं रीतसर शिक्षण घेतलेली, लायसन्स असलेली बाई. रोज सकाळी तळ्याकाठच्या पार्कात ती वयस्कर लोकांकडून ची-गोंग करून घ्यायची. सावकाश हात फिरवायचे, एका पायावर वजन तोलायचं, श्वासाकडे लक्ष ठेवायचं. शेजारच्या नीनाताईंनी त्यांना पहिल्यांदा तिथे नेलं ते गंमत म्हणून. अहिल्याबाईंना मात्र त्यात गंमत वाटली नाही. त्यांची धाकटी बहीण नागपुरात बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला आणि ती पलंगावरून पुन्हा उठलीच नाही. शेवटी शेवटी फोनवर ती एवढंच म्हणायची, "ताई, पडू नकोस गं."

आजार यायच्या आधी शरीराकडे बघायचं, असं मेचं म्हणणं होतं. झोप लागते का, पाय गार पडतात का, जेवण अंगी लागतं का, असं ती नाडी हातात धरून निवांत विचारायची. उन्हाळाभर ची-गोंग केल्यावर अहिल्याबाईंना जिना उतरताना कठडा धरावा लागेना. मग कंबर धरली, तेव्हा मेने हवा ओढून कातडीला चिकटणारे काचेचे पेले पाठीवर लावले, ती वर्तुळं त्यांचीच, आणि रक्ताभिसरणासाठी मुळ्यांचा एक चहा दिला. त्याआधी तिने नीट विचारलं होतं, कोणकोणती औषधं घेता? अहिल्याबाईंनी फक्त बीपीची गोळी सांगितली. रक्ताच्या गोळीचं कळलं तर ही बाई आपल्याला परत पाठवेल, एवढंच त्यांच्या मनात होतं.

घरी जाताना राधिका गाडी चालवत होती. ती एका प्रीस्कूलमध्ये शिकवायची. मुलाच्या अंगावर संशयास्पद खूण दिसली की कळवायचंच, हा तिच्या कामाचा भाग होता. आपल्याला बाहेर का बसवलं हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"आई, ते रिपोर्ट करणार," सिग्नलला ती म्हणाली. "त्यांना करावाच लागतो. मग काउंटीच्या सरकारी ऑफिसातलं कोणीतरी घरी येईल. घरात लहान मुलगी आहे म्हटल्यावर इशिताचीही चौकशी होईल. आणि माझी नोकरी..." तिने वाक्य सोडून दिलं. "तुम्ही पडला नाहीत. काय झालं ते मला तरी सांगा ना."

"पडले म्हटलं ना."

मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा कुठे राधिकाला हिरवा दिवा दिसला.

रात्रीच्या जेवणाला शंतनूने ऐकलं आणि तो राधिकावरच घसरला. "आई घरात पडते आणि तुला पत्ता नाही? घरात जास्त तू असतेस की मी?"

"मी शाळेत असते, शंतनू," राधिका म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आणि आज मला एका खोलीतून बाहेर काढलं. तुला कळतंय का, का काढलं ते?"

अहिल्याबाई ताटातल्या भाताकडे बघत राहिल्या. आत्ता सांगावं, असं त्यांना वाटलं. पण शंतनूने मान वळवली तेव्हा त्याची हनुवटी थेट प्रल्हादरावांसारखी दिसली, आणि त्या भात कालवू लागल्या.

डॉक्टरांनी रक्ताची गोळी दोन दिवस बंद ठेवायला सांगितली होती. चहाचं डॉक्टरांना माहीतच नव्हतं. गोळी नाही तर निदान चहा तरी असावा, असं मनाशी म्हणत अहिल्याबाईंनी सकाळी नेहमीपेक्षा मोठा कप घेतला. दात घासताना बेसिन लाल झालं. त्यांनी नळ सोडून ते धुऊन टाकलं.

दुपारी काउंटीची बाई आली. करड्या केसांची, शांत. तिने बूट दाराशी काढले. राधिकाने शाळेतून सुट्टी घेतली होती, शंतनू ऑफिसातून निघाला होता. बाईने इशिताला वरच्या खोलीत पाठवलं, राधिकाला स्वयंपाकघरात थांबायला सांगितलं आणि फोनवर मराठी दुभाषा लावला. त्या फोनमधून एक तरुण आवाज आला, "नमस्कार आजी. त्या विचारताहेत, तुम्हाला या घरात सुरक्षित वाटतं का?"

"हो."

"पाठीवरच्या खुणा कशाच्या आहेत?"

अहिल्याबाईंनी तोंड उघडलं आणि ओठांवर काहीतरी गरम आलं. नाकातून रक्त. त्यांनी पदर लावला, पदर भिजला. डोकं मागे टाकलं तर ते घशात उतरायला लागलं आणि ठसका लागून रक्त सोफ्यावर उडालं.

राधिका टॉवेल घेऊन धावत आली. आणि दोन पावलांवर येऊन थांबली.

टॉवेल तिच्या हातात होता. तिने काउंटीच्या बाईकडे पाहिलं, मग सासूकडे, आणि इंग्रजीत विचारलं, "मी त्यांना हात लावू का?"

अहिल्याबाईंना तो प्रश्न इंग्रजीतही नीट कळला. बाळंतपणात याच सुनेच्या अंगाला त्यांनी तेल लावलं होतं. आता स्वतःच्या घरात, रक्त वाहत असताना, ती परवानगी मागत होती.

"हिने काही केलं नाही!" त्या फोनच्या दिशेने ओरडल्या. "सांगा त्यांना! मी चिनी डॉक्टरणीकडे जाते. तिने पेले लावले पाठीला. मुळ्यांचा चहा दिला, तोही पिते. आजही प्यायले. हिला काय, घरात कोणालाच माहीत नाही. मी खोटं बोलले!"

दुभाष्याचा आवाजही घाईघाईने धावू लागला. त्या बाईने वाक्य पुरं व्हायच्या आत राधिकाला पुढे यायची खूण केली आणि दुसऱ्या फोनवरून ॲम्ब्युलन्स बोलावली. राधिकाने सासूचं डोकं पुढे वाकवलं, नाक चिमटीत गच्च धरलं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिने ते सोडलं नाही.

इमर्जन्सीत राधिकाने चहाची पुडी दाखवल्यावर सगळं जुळलं. त्या मुळ्यांनी गोळीचा जोर वाढवला होता. डॉक्टर म्हणाले, यात डोक्यावर पडल्या असत्या तर मेंदूत रक्तस्राव झाला असता. इंजेक्शन देऊन त्यांना देखरेखीखाली ठेवलं. सूर्य कलता कलता रक्त पूर्ण थांबलं.

शंतनू पलंगाच्या पायथ्याशी उभा होता.

"बाबांचं विसरलीस?" त्याने विचारलं. तो ओरडला नाही. त्यामुळे ते जास्तच लागलं.

"नाही विसरले. त्यांनी औषध सोडलं होतं. मी काहीच सोडलं नव्हतं रे. तुझा चेहरा आठवून तुला सांगितलं नाही, इतकंच." त्यांना दम लागला. "पण लपवण्यात मी त्यांच्यासारखीच निघाले."

तो खिडकीशी गेला. खाली पार्किंगमध्ये गाड्या येत जात होत्या. तिथूनच तो म्हणाला, "मी ओरडलो असतो. खरंय. पण ओरडून झाल्यावर गाडीने नेलंही असतं, आई."

काउंटीच्या बाईने मेशी बोलून खात्री केली आणि प्रकरण बंद केलं. मे स्वतःच हादरली होती. पुढच्या आठवड्यात शंतनू आईला घेऊन तिच्याकडे गेला, तो भांडायच्या तयारीनेच. पण आधी तीच अहिल्याबाईंवर चिडली. "मी तुला विचारलं होतं! ही गोळी घेणाऱ्या माणसाला मी पेले लावत नाही, ती मुळी तर हातातही देत नाही. तू माझ्याच हातून मरायला निघाली होतीस." आणि मग ती तोंड फिरवून रडली. शंतनूने तिला पाणी आणून दिलं. मेने पेले बंद, चहा बंद, असं स्पष्ट सांगितलं. ची-गोंगला मात्र हृदयाच्या डॉक्टरांनीही हो म्हटलं.

घरात सगळं इतकं लवकर जागेवर आलं नाही. राधिका सासूच्या खोलीत यायची ती दार उघडं ठेवून. गोळ्या द्यायची, पाणी द्यायची आणि निघून जायची. एका दुपारी अहिल्याबाईंनी तिचा हात धरून ठेवला.

"माझं चुकलं गं राधिका. माझी लाज राखायला मी तुला पुढे केलं."

राधिकाने हात सोडवून घेतला नाही. "आई, मी तुमच्यावर रागावलेले नाही असं म्हणणार नाही. त्या दिवशी मला वाटलं, इशिताला घेऊन जातील. ते अजून जात नाहीये माझ्या अंगातून."

"जाईपर्यंत थांबेन मी."

पाठीवरची वर्तुळं आधी हिरवट झाली, मग पिवळी, मग दिसेनाशी. अहिल्याबाई पुन्हा पार्कात जाऊ लागल्या. शंतनू ऑफिसला जाताना त्यांना सोडायचा. शनिवारी त्याला मीटिंग होती, म्हणून राधिका आली. ती गाडीतच फोन बघत बसेल असं अहिल्याबाईंना वाटलं. सगळ्यांनी डावा पाय उचलला, त्यांचा तोल थोडा गेला, आणि कोणीतरी मागून त्यांचा कोपर धरला.

"सरळ समोर बघा आई," राधिका म्हणाली, आणि त्यांचा तोल सावरेपर्यंत धरूनच राहिली.