उडीखालची खुर्ची

माझे बाबा शिंपी होते आणि घोड्यांना घाबरायचे. लहानपणी एका घोड्यानं त्यांच्या खांद्याला कडकडून चावा घेतला होता. रस्त्यात घोडागाडी दिसली की ते बोलता बोलता पलीकडच्या फुटपाथवर जायचे आणि उरलेलं वाक्य तिथून पुरं करायचे.

अशा माणसाच्या मुलीला घोड्यांचं वेड लागलं. शिवलेले कपडे गिऱ्हाइकांकडे पोचवायचं काम माझ्याकडे होतं. त्यात एक घोडेस्वारीची शाळाही होती. तबेल्याच्या दारात रेंगाळताना पाहून तिथले मास्तर एकदा म्हणाले, "नुसतं बघून काय होतंय? बस." मी बसले. पुढची दोन वर्षं मला कपडे पोचवायला दुप्पट वेळ लागायचा. आईला सगळं ठाऊक होतं. बाबांना कुणी सांगायचं, एवढंच आमचं ठरत नव्हतं.

मग एक दिवस मास्तर दुकानात आले. "एका विद्यार्थ्यासाठी विजार शिवायचीय, घोड्यावर बसायची," असं म्हणून त्यांनी मापांची चिठ्ठी पुढे केली. माझा डावा पाय उजव्यापेक्षा पाव इंच आखूड आहे, आणि माझे सगळे कपडे बाबांनीच बेतलेले. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पडतो का हो फार, हा विद्यार्थी?"

"आधी पडायचा," मास्तर म्हणाले. "आता नाही."

बाबांनी विजारीच्या गुडघ्यांना आतून दुहेरी चामडं लावलं. घडी माझ्या हातात देताना ते म्हणाले, "पोचव. आणि नीट बसते का, विचार त्याला."

"विचारते," मी म्हणाले आणि त्यांच्याकडे न बघता बाहेर पडले.

त्या वर्षी शाळेच्या जाहीर खेळांसाठी मास्तरांनी नवी कसरत काढली. मैदानात टेबल, त्यावर पांढरी चादर, किटली, कपबश्या. टेबलाच्या दोन टोकांना दोन माणसं चहा घेत बसलेली. आणि घोडी त्या दोघांच्या मधून, किटलीवरून पलीकडे. असे फोटो तेव्हा वर्तमानपत्रांत फार छापून यायचे. कुणी उघड्या मोटारीवरून घोडा उडवायचं, कुणी ओळीनं झोपलेल्या माणसांवरून. खेळांच्या आठवडाभर आधीच एका वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आपला लाकडी कॅमेरा घेऊन हजर झाला.

भुरी नावाच्या घोडीवर मी होते. एका खुर्चीत मास्तर बसले. दुसरीत गुरांचे डॉक्टर बसायचे होते, पण त्यांनी सरावाची एक उडी जवळून पाहिली आणि त्यांना एकदम कुठल्याशा आजारी गाईची आठवण झाली. ते गेले ते गेलेच.

"उजेड चाललाय," फोटोग्राफर करवादला. "माणूस द्या कुणीतरी."

कुंपणापाशी बाबा उभे होते. माझा नवा कोट द्यायला आले होते. ते तिथे कधीपासून होते, कोण जाणे. त्यांनी कोट कुंपणावर टांगला, आत आले आणि रिकाम्या खुर्चीत बसले.

मी भुरीला त्यांच्यापासून जरा लांबच थांबवलं. "बाबा, तुम्हाला घोड्यांची भीती वाटते ना?"

"वाटते की. पण वर तू असशील ना?"

मी घोडी वळवली.

पहिल्या उडीला फोटोग्राफरचा हात चुकला. फोटोच्या काचेवर नुसती शेपटी आली. दुसऱ्या वेळी भुरी टेबलापाशी येऊन चारी पाय रोवून थांबली आणि मी तिच्या मानेवर आदळले. कारण बारीकसंच होतं. बाबांच्या हातात कपबशी होती, हात थरथरत होता, आणि कप बशीवर खडखड वाजत होता. घोडीला तो आवाज खपत नव्हता.

"तुम्ही उठा," मास्तर हळूच म्हणाले. "त्यात कमीपणा काही नाही."

"एक मिनिट," बाबा म्हणाले. त्यांनी कुंपणावरचा कोट आणायला सांगितला, खिशातली छोटी कात्री काढली, खांद्याची शिवण दोन टाके उसवून आतल्या भरावाचा रुपयाएवढा तुकडा कापला आणि कपाखाली ठेवला. हात तसाच थरथरत होता, पण आवाज बंद झाला. "आता या," ते म्हणाले.

आम्ही आलो. तो फोटो नीट आला. भुरीचे पुढचे पाय पोटाशी दुमडलेत, किटली तिच्या पोटाखाली हातभर अंतरावर आहे, मास्तरांनी डोळे घट्ट मिटलेत, आणि बाबा मान वर करून टक लावून बघताहेत.

"काय बघत होतात एवढं?" मी नंतर विचारलं.

"गुडघ्याची शिवण," ते म्हणाले. "सगळा ताण तिथे येतो. धरलीय चांगली."

दोन दिवसांनी वर्तमानपत्रात फोटो आला. खाली छापलं होतं, 'उडत्या घोडीशेजारी निर्धास्त बसलेले गृहस्थ'. बाबांनी आईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. तिनं तो निर्धास्त गृहस्थ ओळखला, कागदाची घडी घातली आणि दोन दिवस आमच्या दोघांशी अबोला धरला. ताटं वाढायची ती भांडी आपटून. तिसऱ्या दिवशी जेवताना तिनं विचारलं, "अहो, त्या दुसऱ्या खुर्चीत कोण असतं?"

"मास्तर."

"त्यांना शिकवायचं सोडून बसायला वेळ बरा मिळतो."

खेळांच्या दिवशी त्या खुर्चीत आई बसली. रिकाम्या किटलीतून चहा ओतल्याचं सोंग आपल्याला जमणार नाही, असं तिनं मास्तरांना सुनावलं होतं आणि घरून खरा चहा करून आणला होता. भुरी टेबलावर झेपावली तेव्हा आई कप भरत होती. तिनं वर पाहिलं नाही. धार मात्र तुटली नाही. त्या दिवशी काढलेल्या दुसऱ्या फोटोत बाबा टेबलावर वाकून, हात लांब करून तिच्या बाजूची बशी घट्ट धरून बसलेत.

लोक टाळ्या वाजवत होते. मी उतरून टेबलापाशी आले. बाबा उठले आणि त्यांनी मला आपल्या खुर्चीत बसवलं. आईनं कप माझ्या ओठांशी धरला.

"पी. माती उडालीय जराशी त्यात, पण पी." मी निम्मा कप संपवेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली. "आणि पुढच्या वेळी मला आधी सांगायचं. या घट्ट पोलक्यात मला हात लांबवून चहा ओतवत नाही."

बाबांनी गळ्यातली टेप काढली आणि तिथेच, मैदानाच्या मधोमध, तिच्या खांद्याचं माप घ्यायला लागले.