मामांच्या अकरा पिशव्या

वह्या-पुस्तकं बांधणाऱ्या या बाइंडरला जन्मापासूनच रक्त न गोठण्याचा आजार. म्हणून दुकानात सुई आणि कटर कारागिराच्या हाती, याच्या वाट्याला खळ नि पुठ्ठा. लहानपणी गुडघा सुजला की मामा दवाखान्यात हजर. "परक्याचं कशाला? घरचं घ्या!" आईलाही तेच पटे. अकरा वेळा मामांचा प्लाझ्मा त्याच्या अंगात गेला. रक्तातून पसरणारा हिपॅटायटिस सीचा विषाणू तपासायची तेव्हा सोयच नव्हती.

पुढे तो विषाणू याच्यात सापडला. यंदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्याच्याशी झुंजता झुंजता तुमचं शरीर स्वतःच्याच, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सविरुद्ध अँटिबॉडी बनवायला लागलंय." दुष्काळात तेरावा महिना! घरभेदी निघाला तोही अंगातलाच.

आणि गेल्या आठवड्यात शेजाऱ्यासाठी रक्त द्यायला गेलेल्या मामांना रक्तपेढीनं परत पाठवलं. तोच विषाणू.

मामींनी मायलेकांना बोलावून घेतलं. "यांच्याच रेझरनं दाढी करायचास ना रे? खाल्ल्या घरचे वासे मोजलेस!"

आई खाली मान घालून बसली. मामांनी त्याला गॅलरीत नेलं, दार लोटलं.

"तुझ्याकडून नाही आलं ते," मामा पुटपुटले. "तुझ्या जन्माआधी तालमीत ताकदीची इंजेक्शनं घ्यायचो आम्ही. सहाजण, सुई एक."

"मग सांगा ना मामींना!"

"पोरीची सोयरीक जुळतेय रे. बापाचे जुने धंदे निघाले तर? तुझं काय, तू आजारी हे जगजाहीर आहे. आणखी एक बोल लागला, एवढंच."

बाइंडरच्या ओठावर शिवी आली होती. पण हाच माणूस त्याला सुजल्या गुडघ्यानिशी खांद्यावर घेऊन तीन मजले चढला होता.

"एका अटीवर. उद्या माझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे यायचं. गोळ्यांनी बरं होतं हे. मी सुरू केल्यात."

"येतो. आधी आत चल."

आत येऊन तो म्हणाला, "हो मामी. माझ्यामुळेच झालं."

"बघा, तोंडानंच कबूल! पुन्हा या घराची पायरी चढू नकोस."

आईनं भावाकडे पाहिलं. त्या अकरा पिशव्यांचं बोलेल, आता तरी बोलेल.

"बरोबर आहे तिचं," मामा म्हणाले.

आई उठली. लेकाचं मनगट धरून त्याला जिना उतरवू लागली. तिची बोटं रुतत होती. तिथं काळानिळा डाग पडणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी तिनं पकड सैल केली नाही, आणि त्यानंही हात सोडवून घेतला नाही.