उजव्या चाकातले घुमणे

मी एक जुने बेअरिंग आहे. मित्रांनो, तुम्ही मला बहुधा कधी पाहिले नसेल, कारण माझी जागा मोटारीच्या चाकाच्या पोटात, ग्रीसच्या अंधारात असते. पोलादाच्या दोन कड्या आणि त्यांच्यामध्ये दाटीने बसलेले छोटे रोलर, एवढाच माझा देह. चाक फिरते, आस स्थिर राहते आणि त्या दोघांमधले घर्षण मी अंगावर घेते. मी नीट असते तेव्हा माझे अस्तित्व कोणाला जाणवत नाही. मी दुखावते तेव्हाच मला आवाज फुटतो.

माझा जन्म भट्टीत झाला. मला लाल होईपर्यंत तापवले, तेलात बुडवून कठीण केले आणि आरशासारखे घासले. मग तेलकट कागदात गुंडाळून मी दुकानात आले आणि तिथून एका राखाडी मोटारीच्या पुढच्या उजव्या चाकात. ती मोटार पुढे जयपूरच्या रेल्वे वसाहतीत राहणाऱ्या देवरामांनी विकत घेतली. देवराम मूळचे अकोल्याचे. रेल्वेच्या डब्यांची तपासणी करणे हे त्यांचे काम. गाडी फलाटाला लागली की ते हातोडीने चाके वाजवत जात आणि प्रत्येक डब्याच्या बेअरिंगच्या पेटीला हाताची मागची बाजू लावून पाहत. पेटी थंड असेल तर गाडी पुढे जाई. तापलेली असेल तर तो डबा तिथेच गाडीपासून सोडवला जाई. या हातावर त्यांचा फार विश्वास होता, आणि तो अनाठायी नव्हता.

एक्याऐंशीच्या जुलैमध्ये जयपुरात महापूर आला. आमची मोटार निम्म्या चाकापर्यंत पाण्यात उभी राहिली. पाणी ओसरल्यावर देवरामांनी गाद्या उन्हात टाकल्या, कार्बोरेटर धुतला, ब्रेक साफ केले. मोटार पुन्हा चालू झाली तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांचे कौतुक केले. परंतु चाकांच्या पोटातले ग्रीस बदलावे, हे त्या धांदलीत राहून गेले. गढूळ पाणी माझ्याजवळ मुरत राहिले. माझ्या गुळगुळीत अंगावर गंजाचा पहिला डाग पडला आणि डागाचा खड्डा झाला. पुढच्या हिवाळ्यात मी घुमू लागले.

तो काळ घरातल्या काळजीचा होता. देवरामांची मुलगी गिरिजा अजमेरजवळच्या नसीराबादच्या छावणीत राहत होती. तिचे यजमान उमाकांत सैन्यात होते आणि त्यांची रवानगी सीमेवर झाली होती. गिरिजाला सातवा महिना लागला होता. पहिले बाळंतपण माहेरीच व्हायचे, म्हणून तिला आणायचा रविवार ठरला. बसचे हिसके नकोत, डब्यातली चढउतार नको, म्हणून मोटारच न्यायची असे तिच्या आईने, विजयमालाबाईंनी, ठरवून टाकले होते.

शनिवारी सकाळी देवराम आवाजाचा शोध घेऊ लागले. शेजारचे नंदकिशोरजी चहाची कपबशी घेऊन कुंपणापाशी आले.

"देवरामजी, यह गाड़ी है या भँवरा? टायर बदलवा लीजिए, टायर!"

"पहले जाँच, फिर खर्चा," देवराम म्हणाले.

त्यांची रीत पक्की होती. प्रथम त्यांनी टायरमधली हवा मोजली. मग पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावली. आवाज टायरचा असेल तर तो टायरबरोबर मागे जायला हवा. त्यांनी मोटार फिरवून आणली. आवाज पुढेच राहिला, कारण चाके काढली तरी मी आसावरच्या तुंब्यात जागच्या जागीच होते. टायर निर्दोष ठरले. इथवर सारे बरोबर होते, आणि मला आशा वाटू लागली.

मग त्यांनी मोटार उभी केली, खाली उतरून दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्यभागी हाताची मागची बाजू लावली आणि म्हणाले, "थंड आहे. बेअरिंग ठीक आहे."

मित्रांनो, त्या क्षणी मला बोलता आले असते तर! डब्याच्या बेअरिंगवर टनावारी भार असतो. ते बिघडले की तापते. मी हलक्या मोटारीतले. तापण्याच्या फार आधीपासून मी कण्हत असते. त्या छोट्या फेरीत तर मी कोमटही झाले नव्हते. ज्या हाताने इतके डबे वाचवले, तोच हात माझ्यावरून निर्धास्तपणे निघून गेला.

दुपारी विजयमालाबाई उशा घेऊन मोटारीत बसल्या. गिरिजाच्या पाठीला कोणती उशी पुरेल, हे त्यांना स्वतः बसून पाहायचे होते. देवरामांनी मोटार मानसरोवर या नव्या वसाहतीच्या बाजूला काढली. तिथे घरे अजून बांधली जात होती आणि रुंद रस्ते रिकामे होते.

"अहो, गाडी रडून राहिली ना," विजयमालाबाई म्हणाल्या.

"आवाज आहे, धोका नाही. मी हात लावून पाहिला."

"हात लावून ताप कळते. पोटदुखी नाही कळत."

देवराम हसले. मोटार गोल चौकाला वळसा घालून पुन्हा सरळ रस्त्याला लागली.

"आता पाहा. चक्कर मारताना उजवीकडं वळली, तं गप्प. डावीकडं वळली, का पुन्हा सुरू."

"चाकाला डावं-उजवं कळत नसतं, विजयमाला."

"चाकाले नसंल कळत. मले ऐकू येते."

देवरामांचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला. मोटार डावीकडे वळते तेव्हा तिचा भार उजव्या चाकांवर झुकतो, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. त्यांच्या हाताला रुळांची सवय होती आणि त्या सवयीने हा विचारच पुढे येऊ दिला नव्हता. त्यांनी चौकात पुन्हा उजवीकडे वळसा घेतला. मी गप्प झाले. मग त्यांनी मोटार डावीकडे वळवली. सारा भार माझ्यावर आला आणि मी जिवाच्या आकांताने घुमले. देवरामांचा चेहरा उतरला.

घरी येऊन त्यांनी मागच्या चाकांना विटा लावल्या आणि पुढचे चाक जॅकवर उचलले. एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने ते चाक फिरवू लागले. डावे चाक मुकाट फिरले. उजवे फिरवताच स्प्रिंगमधून त्यांच्या तळहाताला कंप जाणवला, दळणात खडा यावा तसा. त्यांनी टोपण काढले, नट सोडला आणि मला बाहेर घेतले. किती वर्षांनी मी उजेड पाहिला! परातीत घासलेट ओतून त्यांनी मला धुतले. माझ्या अंगावरचे खड्डे दिसले. माझा एक रोलर तिरका झाला होता आणि रोलरांना धरून ठेवणारी जाळी तडकली होती. ती तुटली असती, तर चाक धावता धावता अडकले असते.

विजयमालाबाई पायरीवर बसल्या होत्या. "पोचलो असतो का आपण?"

"जाताना... कदाचित."

"आन् येताना?"

देवराम फडक्याने एकच बोट पुसत राहिले.

त्यांनी रेल्वेच्या फोनवरून अजमेरला आणि तिथून छावणीत निरोप पाठवला की या रविवारी येत नाही. गिरिजाचे उलट उत्तर आले: "बाबा, तुम्हाला ड्युटीच मोठी!" खरे कारण त्यांनी तिला कळवले नाही. दोन्ही चाकांत नवी बेअरिंगे आली, नवे ग्रीस आले. मी परातीसकट व्हरांड्याच्या कट्ट्यावर राहिले.

पुढच्या रविवारी मोटार गेली. मी दिवसभर रस्त्याकडे कान लावून होते. या मोटारीच्या येण्याची वर्दी अलीकडे मीच देत आले होते, म्हणून मी त्या घुमण्याचीच वाट पाहत होते. ते आलेच नाही. फाटक वाजले, "अगं, हळू उतर" असे विजयमालाबाई म्हणाल्या, तेव्हा मला कळले की मोटार केव्हाच दारात उभी आहे.

"आई, गाडी एवढी गप्प कशी गं? मी तर झोपूनच गेले," गिरिजा म्हणाली.

"रडणारं तिथं परातीत बसलं हाय," विजयमालाबाई म्हणाल्या. सगळे हसले. देवराम मात्र हसले नाहीत. त्यांनी मला उचलले, तडकलेल्या जाळीवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा जागेवर ठेवले.

मित्रांनो, आता मी कोणत्याही चाकाच्या कामाचे नाही. तरी एक विनंती करते. तुमच्या जवळचे काही कण्हू लागले, मग ते यंत्र असो वा माणूस, तर एकदा हात लावून 'ठीक आहे' म्हणू नका. थोडे डावीकडे वळून पाहा, थोडे उजवीकडे. जिथे आवाज वाढतो तिथे थांबा. तिथेच कोणीतरी तुमचा भार उचलत असते.