चढावर राहिलेली गाडी

संध्याकाळचा उजेड संत्र्याच्या आतल्या सालीसारखा पातळ होऊन अंगणात उतरायचा, आणि त्या उजेडात माझी बायको अनसूया पिठाचे हात तसेच अधांतरी धरून, मान जराशी कलती करून उभी असायची. ज्वारीचं पीठ तिच्या बोटांवर वाळून जाई. डोळे कशावरच नसत. साऱ्या देहाचा एक कान झालेला असे, आणि तो कान गावाअलीकडच्या चढाला लागलेला असे. आजही तिला आठवायला बसलो की चेहरा मागाहून येतो. आधी ती कललेली मान येते.

सौसरकडच्या बागांमधली संत्री मी पांढुर्ण्याच्या स्टेशनावर पोचवत असे. गाडी, म्हणजे ट्रक, माझी स्वतःची, दुसऱ्या लढाईच्या काळातली, लष्कराच्या मोडीतून, डिस्पोजलमधून घेतलेली. नाकाड पुढं आलेलं, चाल गाभण म्हशीची. चढ लागला की तिच्या मागच्या आसातल्या दातांतून, ज्यांना मिस्त्री लोक क्राउन-पिनियन म्हणतात, एक लांब हुंकार निघे, दूर कुठं एखादी बाई एकटीच जातं ओढत बसावी तसा. तो हुंकार हेच अनसूयेचं घड्याळ होतं. तो चढाच्या पायथ्याशी उमटला की ती तवा ठेवी, कडुनिंबाच्या वळणावर मी दोनदा हॉर्न दिला की पहिली भाकर टाकी, आणि मी पाय धुऊन पाटावर बसतो न बसतो तोच फुगलेली भाकर वाफेसकट ताटात पडे. निवलेली भाकर तिनं मला कधी वाढली नाही. आमच्यात बोलणं फार नव्हतं. जे होतं ते या वाफेतच होतं.

पण ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत सडकेवर नव्या डिझेल गाड्या धावू लागल्या. माझी गाडी दिसली की बसचा कंडक्टर दारात लोंबकळत ओरडे, "ओ भाऊ, बैलं जुपून घ्या, लवकर पोचसान!" आणि सारी बस हसे. मी मान खाली घालणाऱ्यातला नाही. पांढुर्ण्याचा किसन मिस्त्री म्हणाला, "भाऊ, इंजिनात दम आहे. मागचे दातच हळू चालीचे आहेत. दुसरं क्राउन-पिनियन टाकून देतो. भरली गाडी चढावर कुरकुर करीन, पण सपाटीवर वारा होईन वारा." टाकून घेतलं. जुनी जोडी पोत्यात बांधून घरी आणली आणि पडवीतल्या खाटेखाली सरकवली. लोखंड मला टाकवत नाही.

पहिल्याच दिवशी त्या कंडक्टरला मागं टाकून मी घरी आलो तेव्हा उन्हं अजून कौलांवर होती. गाडीला आता आवाजच नव्हता. चढ ती मांजरासारखी चढून आली. अनसूयेनं पाणी दिलं. तवा मात्र ठेवला नाही.

"जेवाले वाढ," मी म्हटलं.

"थांबा. गाडी येऊन राहिली."

"कोणाची?"

"तुमची."

"अवं, मी इथं बसलो आहो, गाडी दारात उभी आहे, तुले दिसत नाही काय?"

"तुम्ही आले," ती शांतपणे म्हणाली, "गाडी यायची आहे अजून."

मग तिची मान कलली. दिवेलागण झाली तेव्हा तिनं तवा ठेवला, भाकर थापली, आणि ताट माझ्यापुढं सरकवताना माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहत हलकेच म्हणाली, "आले."

मी हसलो. पण ते रोजचं झालं. भाकर गरम असे, घास मात्र दुसऱ्याच्या ताटातला उचलल्यासारखा वाटे. अंगणातलं कुत्रं त्याच वेळी उठून रिकाम्या फाटकाशी शेपूट हलवी. किसनला सांगितलं तर तो म्हणाला, "भाऊ, तो आवाज तर तुमच्या खाटेखाली पोत्यात पडला आहे. सडकेवर कुठून यीन?" आणि हसता हसता थांबला. घरी येऊन मी पोत्यात हात घातला. पौषातली थंडी, पडवीत दिवसभर सावली. पण लोखंड कोमट होतं, आत्ताच चढ चढून आल्यासारखं.

त्याच थंडीत एक संध्याकाळ अशी आली की तिची मान कललीच नाही. मी येताच तिनं ताट मांडलं. भाकर दुपारची होती, गार.

"आज थांबली नाहीस?"

"आज ते नाही आले."

"कोण?"

"तुम्ही."

एवढं बोलून ती भिंतीशी बसली आणि तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला, परक्या पुरुषासमोर बाया ओढतात तसा. भीती नव्हती त्यात, राग नव्हता; आदर होता, पाहुण्याचा. लग्नाच्या बायकोनं आपल्याला पाहुणा समजून वाढावं, याहून मोठं सुतक मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशीही भाकर गारच, पदर तसाच. तिसऱ्या दिवशी ती मला वाढताना नजरही उचलेना.

मी पोतं उचलून किसनकडे गेलो.

"पुन्हा हळू करता? लोक हसतीन, भाऊ."

"हसू दे. मी हार मानून नाही राहिलो. माझा माणूस चढावर राहिला आहे, त्याले आणाले चाललो."

जुनी जोडी बसवून परतताना चढाच्या पायथ्याशी तो हुंकार उठला, आणि गाडी पुन्हा म्हशीच्या चालीवर आली. कडुनिंबाच्या वळणावर तर इतकी हळू, की कोणीही चालता चालता वर चढावं. तिथंच क्लीनरच्या बाजूचं पायदान दबलं. माणसाचा पाय पडला की चाकावरचा कमानपाटा जसा वाकतो तसा वाकला आणि पुन्हा सरळ झाला नाही. मी तिकडे पाहिलं नाही. दोनदा हॉर्न दिला.

दारात धुराचा वास होता, भाकरीचा वास होता. अनसूयेचा पदर खांद्यावर आलेला होता. "आले," ती म्हणाली, आणि या वेळी दाराकडे नाही, माझ्याकडे पाहून.

ती पुढं अशी गेली, की जन्मभर वाट पाहणाऱ्या बाईनं दुसऱ्या कोणाला घटकाभरही वाट पाहू दिली नाही. सकाळी चूल सारवली आणि दुपारी नव्हती. गाडी भंगारात गेली. दिवेलागणीला मी पडवीत एकटा बसतो तेव्हा तो हुंकार अजून उठतो. आधी वाटायचं, चढावरून येतो. आता कळतं, माझ्याच छातीतून येतो. आमची पोरं म्हणतात, शहरात चला, मोठ्या डॉक्टरला दाखवू, हा आवाज थांबेल. मी जात नाही. काळाचा हा शेवटचा चढ मी जुन्याच दातांवर चढून राहिलो आहे, कारण माथ्यापलीकडे कोणीतरी पिठाचे हात धरून मान कलती करून उभं आहे, आणि आवाजाच्या आधी मी पोचलो, तर ती पदर पुढं ओढून घेईल.