चरवीचं काळं बूड

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची चरवी आहे, आणि आज मी भयंकर चिडलेली आहे. जुनी भांडी आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात असं म्हणतात. माझ्याकडून ती अपेक्षा करू नका.

माझा जन्म राजस्थानातल्या पालीच्या बाजारातल्या एका कासाराच्या हातोडीखाली झाला. झमकूच्या आईनं मला लेकीबरोबर सासरी पाठवलं. झमकू रायका जमातीची. अरवलीच्या पायथ्याशी त्यांची ढाणी, म्हणजे चार झोपड्यांची वस्ती, आहे आणि उंट पाळणं हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. सांडणीचं, म्हणजे उंटिणीचं, दूध काढताना झमकूचा नवरा लुंबाराम एका पायावर उभा राहतो, दुसरा पाय गुडघ्यावर टेकवतो आणि मला मांडीवर तोलून धरतो. सांडणी हलली तरी तो हलत नाही. ही विद्या त्याला कुठल्या शाळेनं दिली? कोणता पाला खाल्ला की दूध वाढतं, कोणत्या मुळीनं पोटफुगी उतरते, सगळं या नवराबायकोला तोंडपाठ. दूध निघालं की तीन दगडांच्या चुलीवर मीच चढायची. त्या धुरानं माझं बूड डांबरासारखं काळं झालं आहे. त्या काळ्या बुडाचीच ही गोष्ट आहे.

त्यांच्याकडे सांडण्या किती आहेत? ते मी सांगणार नाही. तुम्हीही विचारू नका. रायका आपली जनावरं मोजून दाखवत नाहीत, नजर लागते. कुणी विचारलंच तर ते कमी सांगून मोकळे होतात. हे ढाणीतलं शेंबडं पोरही जाणतं. जंगलखात्याचा कारकून मात्र जाणत नव्हता. तो वही घेऊन आला आणि म्हणाला, "किती जनावरं?"

लुंबारामनं हात जोडले. "आहेत आपली देवाच्या कृपेनं, पाच-सहा."

कारकुनानं सहा लिहिलं. मान वर करून समोरच्या कुंपणात एकदा बघावं एवढे कष्टसुद्धा त्यानं घेतले नाहीत! दिवाळीनंतर चराईचा परवाना आला, तो सहाच सांडण्यांचा. बाकीचा कळप राखणदारानं जंगलाच्या वेशीवर अडवला. ज्या डोंगरात यांचे आजे-पणजे उंट चारत आले, त्या डोंगराच्या तोंडाशी आडवा बांबू पडला. आकड्याच्या दुरुस्तीसाठी अर्ज करायची मुदत होती होळीपर्यंत. तोवर उपाशी जनावरं डांबरी सडकेच्या कडेला बाभळी ओरबाडत फिरू लागली. "निम्मा कळप विकून टाकतो," असं लुंबाराम म्हणू लागला.

त्याच सुमाराला शहरातून एक साहेब ढाणीवर आले. त्यांनी प्रशिक्षण केंद्र काढलं होतं. खाटेवर बसून झमकूनं दिलेला चहा पिता पिता ते म्हणाले, "अडाणीपणा सोडा आता. उंटांत काही राहिलं नाही. शिवणकाम शिका." सांडणीच्या दुधाचाच चहा होता तो! मी चुलीवर होते, नाहीतर उडी मारून त्यांच्या डोक्यावर पडले असते.

झमकूनं शिवणयंत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिनं केंद्रात शिकवणाऱ्या विमलाला गाठलं. विमला त्यांच्याच जमातीची शिकलेली पोर.

"मला अक्षरं शिकव," झमकू म्हणाली.

"काकी, अर्ज मी लिहून देते की. तुम्ही सगळ्या सांडण्यांची नावं सांगा फक्त."

"ओळीनं नावं सांगायची म्हणजे मोजणंच झालं ते. जिभेवर नाही आणायचं मला. हातानं लिहिलं तर जीभ बाटत नाही."

बावन्नाव्या वर्षी ती विमलाच्या वर्गात जाऊन बसली. घरी पाटी नव्हती. मग तिनं मला पालथं घातलं आणि बाभळीच्या काट्यानं माझ्या काजळीवर अक्षरं कोरायला लागली. लुंबाराम हसला. "आता कलेक्टर होणार का म्हातारपणी?"

"तुमच्या जिभेनं घातलेला घोळ निस्तरायचाय. तो झाला की बघू कलेक्टरचं."

दुसऱ्या दिवसापासून तो दूध काढायला शेजारणीची हंडी मागून आणू लागला.

पहिलं नाव तिनं कोरलं ते मोरणीचं, तिच्या सर्वांत लाडक्या सांडणीचं. दोन दिवस घाम गाळून ते जमलं, आणि ही बाई कधी रडत नाही ती रडली. मग रूपाळी, टीलडी, भुरी. एक नाव आलं की ते कागदावर उतरवायचं, बोटानं काजळी सारखी करायची आणि पुढचं कोरायचं. मोरणीचं नाव मात्र तिनं पुसलं नाही, आणि ते झाकू नये म्हणून मला पुन्हा चुलीवर चढवलंही नाही.

होळीला आठ दिवस राहिले असताना भर दुपारी सडकेवर एका ट्रकनं मोरणीला उडवलं. गाभण होती ती. जंगलात असती तर जगली असती. तिला कुणी मारलं, ट्रकनं की त्या सहाच्या आकड्यानं, हे मला कुणीतरी सांगा.

झमकूनं दोन दिवस काट्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं उरलेली नावं लिहून काढली आणि लुंबारामला घेऊन कार्यालयात गेली. दूध घालून मलाही बरोबर नेलं होतं, म्हणून सांगते. कारकुनानं कागद पाहिला. "हे काय? नुसती नावं? आकडा कुठंय?"

"आकडा तुम्ही काढा, साहेब," झमकू म्हणाली. "तुम्ही शिकलेले आहात."

तो बोट फिरवत पुटपुटू लागला. त्याबरोबर नवराबायकोनं दोन्ही हातांनी आपापले कान घट्ट दाबून धरले. सगळं कार्यालय हसलं. हसू दे. नवा परवाना त्याच कागदावरून निघाला आणि आडवा बांबू उचलला गेला. कळपातली एकही सांडणी विकावी लागली नाही.

परवा ते शहरातले साहेब पुन्हा आले. केंद्राच्या दिवाणखान्यात शोभेला ठेवायला त्यांना जुनी चरवी हवी आहे, पण चकचकीत घासलेली. सून सुगणा राख आणि चिंच घेऊन बसली, तशी झमकू धावत आली.

"बूड सोडून घास गं."

"सासूबाई, बुडालाच तर काजळी आहे सगळी!"

"तिथं मोरणी आहे. आणि साहेबांना म्हणावं, चरवी मिळणार नाही. आम्हाला लागते रोज."

मित्रांनो, कुणाला अडाणी म्हणण्याआधी त्याला काय काय येतं ते विचारा. आणि माझ्यासारखं एखादं काळं भांडं हाती लागलं, तर घासायला घेण्यापूर्वी एकदा उलटं करून वाचा.