नाव घेऊन केलेली प्रार्थना

पहाटे साडेपाचला कामठीत, बहिणीच्या घरातून, फरारी संपकरी रुपरावला पोलिसांनी उचललं. तारीख सोळा मे १९७४, रेल्वेच्या संपाचा नववा दिवस. सुताच्या पोत्यांआड तो निजला होता. पोलिसांनी घर धुंडाळलं नाही. सरळ हातमागाच्या खोलीशीच गेले.

अजनीच्या रेल्वे वसाहतीत बातमी नऊला पोचली. अंजनाबाई तांदूळ निवडत होत्या. सूप तसंच मांडीवर राहिलं.

अंजनाबाई तिथल्या ख्रिस्ती मंडळीच्या बायबलबाई. तीस वर्षं दारोदार जाऊन वचन वाचायचं. बहुतेक दारांनी त्यांना पाणी दिलं, कान दिला नाही. मग संप आला. मुंबईचे प्रवचनकार गाड्यांअभावी अडकले, उन्हाळी सभा रद्द झाली. रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "गाड्या बंद आहेत, देव बंद नाही. ही अडचण नव्हे, वाढायची संधी आहे." आणि रोज दुपारी चारची बायकांची प्रार्थना त्यांनी अंजनाबाईंकडे सोपवली.

सोमवारी पाच जणी आल्या, बुधवारी एकोणीस. निम्म्या ख्रिस्तीही नव्हत्या. कुणाचा नवरा तुरुंगात, कुणाचा फरारी. घरी बसून करणार काय? अंजनाबाईंना मात्र तीस वर्षांच्या पेरणीचं पीक दिसलं, आणि ते बघण्याची चटकच लागली.

प्रार्थनेची रीत ठरलेली. जिचं जे मागणं असेल ते चालवणारीनं नाव घेऊन, खुलासेवार, मोठ्यानं देवापुढे ठेवायचं. बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. मोघम मागणं म्हणजे अर्धा विश्वास, असं अंजनाबाईंना लहानपणापासून शिकवलेलं.

बुधवारीच रुपरावची बायको गोपिका पहिल्यांदा आली. दाराशी अंजनाबाईंच्या कानाला लागून म्हणाली, "ते कामठीले हायेत, नणंदेकडं. मागाच्या खोलीत. तुमच्या देवाले सांगा त्याइले संभाळाले."

अंजनाबाईंनी सांगितलं. डोळे मिटून, खणखणीत आवाजात. "प्रभू, कामठीला बहिणीच्या घरी, मागाच्या खोलीत लपलेल्या रुपरावभोवती तुझे दूत उभे कर." सगळ्या आमेन म्हणाल्या. डोळे उघडले तर गोपिका त्यांच्याकडे टक लावून बघत होती. नवखी आहे, शिकेल, असं त्यांना वाटलं.

अटक झाली त्याच दिवशी, गुरुवारी चारला ती आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"मी कानात सांगतलं होतं, बाई. तुमचा देव बहिरा हाय काय?"

"बस गोपिका. आपण प्रार्थना करू."

"आजून? आता कोनाले धरून द्याचं राहिलं?"

ती गेली. तिच्यामागून एकेक बाई उठून गेली. अंजनाबाईंची नजर सुमतीवर गेली. सुमतीचा नवरा संपात नव्हता. पोलिसांच्या पहाऱ्यात रोज ड्यूटीवर जात होता.

संध्याकाळी त्या सुमतीच्या क्वार्टरवर गेल्या. सुमती स्टोव्हला पिन मारत होती. विचारायच्या आतच म्हणाली, "माझा मानूस कामावर जाते म्हणून मीच काय? एकोणीस जणी होत्या तिथं. ऐकणाऱ्या लय. सांगणाऱ्या तुमी एकल्याच."

 अंजनाबाई तिथून पाळकसाहेबांकडे गेल्या आणि जे झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मनाला लावून घेऊ नका, अंजनाबाई. यातही वाढायची संधी आहे."

"कोणाला?"

पाळकसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला.

सत्तावीस मेला संप मागे घेतला गेला. गाड्या हळूहळू सुरू झाल्या. एकतीस तारीख आली, रुपराव अजून सुटलेला नाही. त्याच्या क्वार्टरला कुलूप आहे. गोपिका कामठीला गेली, असं शेजारी सांगतात. प्रवचनकार रविवारी येत आहेत. त्यांच्यापुढे वाचायच्या अहवालात पाळकसाहेबांनी लिहिलं आहे की संपाच्या काळात एकोणीस भगिनी प्रार्थनेत जोडल्या गेल्या. त्यावर अंजनाबाईंनी मंडळीपुढे साक्ष द्यावी, असं त्यांनी कळवलं आहे. अंजनाबाईंनी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.

त्याच एकतीस तारखेला, शुक्रवारी चारला त्यांनी नेहमीप्रमाणे सतरंजी अंथरली. एकटी सुमती आली. कशासाठी प्रार्थना करायची, हे अंजनाबाईंनी विचारलं.

सुमती म्हणाली, "मनातल्या मनात करा."