‘हॅमर’ची शेवटची दुपार

अमेरिकेतल्या सरोवराकाठच्या ईरी शहरात रोंडा पिसारेकला चेहऱ्याने ओळखणारे थोडे, पण आवाजाने ओळखणारे भरपूर. बँकेत नाहीतर मासळीच्या रांगेत तिने तोंड उघडलं, की पुढचा माणूस वळून म्हणायचा, “अगं, तू हॅमरवरची ना?” गेली पंचवीसेक वर्षं रोज दुपारी ती ‘हॅमर’ रेडिओवर जुनं रॉक लावत होती. रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात, टायरच्या दुकानांत, छपरं दुरुस्त करणाऱ्यांच्या ट्रकमध्ये, सगळीकडे तेच स्टेशन लावलेलं असायचं.

मग दिवस पालटले. कारखान्यातली माणसं कमी झाली, आणि जी उरली ती कानांत बोंडं खुपसून फोनवर आपापली गाणी ऐकू लागली. जाहिरात देणाऱ्यांना तरणं गिऱ्हाईक हवं होतं. हॅमर ऐकणारे तर गुडघे बदलून घ्यायच्या वयाला आलेले. होता होता जाहिराती उरल्या त्या श्रवणयंत्रांच्या आणि अपघाताचे खटले लढवणाऱ्या वकिलांच्या.

जूनच्या शेवटी स्टेशनचा मॅनेजर केंट लॉफग्रेन रोंडाला स्वतःच्या गाडीत घेऊन बसला. मांडीवर पेपरोनी सॉसेज भरलेल्या पावाच्या गोळ्यांची पिशवी होती, पण त्याने एकाही गोळ्याला हात लावला नाही.

“चार जुलैची सुट्टी झाली की सोमवारपासून कंट्री गाणी,” तो म्हणाला. “सगळं दुसऱ्या गावाहून येणार. इथे माणूस लागणार नाही. मी तुला सांगितलं हे कुणाला कळू देऊ नकोस. कळलं तर माझी मान जाईल.”

“तुझी मान राहणार आहे का पण?”

“बहुतेक बफेलोला पाठवतील.”

रोंडाने पिशवीतला एक गोळा उचलून खाल्ला. आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. खरं सांगायचं तर तिला त्या गाण्यांचा वीट आला होता. कंपनीने कुठल्याशा पाहणीवरून तीनेकशे गाणी ठरवून दिली होती आणि कॉम्प्युटर तीच फिरवून फिरवून लावायचा. एकेकाळी ज्या गिटारने तिच्या अंगावर काटा यायचा, ती सुरू झाली की आता ती नखं कापायला घ्यायची. हे ती आजवर कुणाजवळ बोलली नव्हती. जिच्या हाताला खाऊन अख्खं गाव वाढलं, त्या आचारीणबाईने मला स्वयंपाकाचा कंटाळा आलाय म्हणावं, तसं तिला वाटे.

सुट्टीच्या आदल्या दिवशी ती कामावर आली. आभाळ निरभ्र, सरोवराकडून वारा, निम्मं गाव आधीच किनाऱ्यावर पांगलेलं. तिने एक गाणं लावलं, पाणी प्यायला उठली, आणि ते गाणं संपल्यावर पुढचं लागलंच नाही. कॉम्प्युटरचा पडदा पाहिला तर यादी रिकामी. कंपनीतल्या कुणीतरी सोमवारचं काम आजच उरकलं होतं. जुनी सगळी गाणी पुसली होती आणि नवी अजून यायची होती.

रेडिओवर शांतता म्हणजे घराला आग. रोंडाने माईक चालू केला, वारा कसा छान सुटलाय ते सांगितलं, आणि एका हाताने केंटला खूण केली. केंटने मुख्य कचेरीला फोन लावला, पुन्हा लावला. कुणी उचलेना. सगळे सुट्टीवर निघून गेले होते.

“वकिलाच्या जाहिराती आहेत,” केंट काचेपलीकडून म्हणाला.

“संध्याकाळपर्यंत वकील लावू?” एक जाहिरात सोडत रोंडा म्हणाली. “अर्ल कुठाय?”

अर्ल व्हिटकोम स्टेशनचा म्हातारा इंजिनिअर. तो मागच्या खोलीत डुलक्या घेत होता. बातमी ऐकून त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, “दोन रेकॉर्ड प्लेअर आहेत कोठीत, नाताळच्या झाडाखाली. जोडून देतो. पण रेकॉर्डी कुठून आणणार? आपल्या तर कधीच फुंकून टाकल्या.”

रोंडाने माईक पुढे ओढला. केंटकडे तिने पाहिलं नाही.

“मंडळी,” ती माईकमध्ये म्हणाली, “मी रोंडा. आमची सगळी गाणी हरवलीत. थट्टा नाही, खरंच हरवलीत. तुमच्या तळघरात रेकॉर्डी असतील तर घेऊन या. जे आणाल ते लावीन. फक्त शिव्या नसलेलं आणा, नाहीतर सरकार अर्लला धरून नेईल.”

केंटने कपाळाला हात लावला. मग टेबलावरच्या किल्ल्या उचलल्या. “मी जेवायला जातो,” तो म्हणाला. “मी काही ऐकलं नाही.”

पहिली आली ती दातांच्या दवाखान्यातली बाई, अंगावर अजून कामाचाच झगा. मग दोघे भाऊ दुधाचे क्रेट रेकॉर्डींनी भरून घेऊन आले. मग रांगच लागली. कुणाच्या हातात पावसाने फुगलेली पाकिटं, कुणाच्या हातात मांजराने कोपरे कुरतडलेली. ज्यांच्याकडे रेकॉर्डी नव्हत्या ते नुसतेच आले आणि गाड्यांची दारं उघडी टाकून सगळ्या रेडिओंवर हॅमर लावून उभे राहिले. शेजारच्या फर्निचरवाल्याने आधी गाड्यांवरून कटकट केली, मग गर्दी पाहून विचार बदलला. त्याने न खपलेल्या आरामखुर्च्या फुटपाथवर मांडल्या आणि म्हणाला, “बसा, बसा. बसायला कुठे पैसे पडतात?”

आत रोंडाचे हात भरभर चालले होते. सुई टेकली की ती जुनी खरखर यायची, आणि मग असं काहीतरी वाजायचं जे तिने तरुणपणानंतर ऐकलंच नव्हतं. रेकॉर्डींच्या दुसऱ्या बाजूंची गाणी, कंपनीच्या यादीला कधी न शिवलेली. क्लीव्हलंडच्या एका बँडचं एक गाणं लागलं आणि ती खुर्चीतून उठून नाचायलाच लागली. अर्ल दारात उभा राहून पाहत होता.

“गुडघा सांभाळ,” तो म्हणाला.

“गुडघ्याला आज सुट्टी आहे.”

तेवढ्यात व्हर्न हस्कल आला. इंजिनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला व्हर्न रोज दुपारी फोन करून एकच गाणं मागायचा. लांबलचक गाणं, कुणी न ऐकलेल्या बँडचं. रोंडा रोज म्हणायची, बघते हं व्हर्न, आणि दोघांनाही ठाऊक असायचं की ते यादीत नाही. आवाजाची ओळख इतकी जुनी, पण ती त्याला आज पहिल्यांदा पाहत होती. तिच्या मनातला व्हर्न धिप्पाड होता. हा तिच्या खांद्याला लागत होता.

“तू उंच असशील असं वाटलं नव्हतं,” व्हर्न म्हणाला.

“मलाही बरंच काही वाटलं नव्हतं. दे ती इकडे.”

रेकॉर्डवर ओरखडा होता, सुई उडत होती. व्हर्नने खिशातून एक नाणं काढून सुईच्या दांड्यावर अलगद ठेवलं आणि गाणं सुरळीत चालू लागलं. तो डोळे मिटून उभा राहिला. बाहेरही लोक गप्प झाले, कारण व्हर्नच्या या गाण्याबद्दल कारखान्यातल्या प्रत्येकाने वर्षानुवर्षं ऐकलं होतं. गाणं चाललं, चाललं, मध्ये बासरी आली, मग ढोल आला, मग पुन्हा बासरी आली. गाणं खरं तर बेताचंच होतं. पोरसवदा आवाजात कुणीतरी ताऱ्यांबद्दल काहीबाही गात होतं.

संपलं तशी रोंडाने व्हर्नकडे पाहिलं.

“माझ्या आठवणीत जरा बरं होतं,” तो म्हणाला.

तिचा माईक चालूच होता. बाहेर आधी एकजण हसला, मग सगळा रस्ता हसायला लागला, आणि व्हर्न सगळ्यांत जास्त. हसता हसता त्याला खोकला आला, तेव्हा दातांच्या दवाखान्यातल्या बाईने त्याला आरामखुर्चीत बसवून पाणी पाजलं. पुढचा तासभर तो तिथेच बसून होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, “ते भिकार गाणं माझं.”

केंट जेवून आला तो पावाच्या मोठ्या पुड्या घेऊन, सगळ्यांना पुरतील एवढ्या. मग टाय काढून तो रस्त्यावर गाड्यांना वाट करून देत उभा राहिला. कंपनीचा फोन आला तेव्हा सूर्य सरोवरावर उतरायला लागला होता. पलीकडच्या बाईने विचारलं, स्टेशनवर काय चाललंय. केंट म्हणाला, “तुमच्या सोमवारची वाट पाहतोय,” आणि फोन ठेवला. पुढच्या दोन मिनिटांत नवी गाणी कॉम्प्युटरवर येऊन पडली. रोंडाने हातातली रेकॉर्ड पुरती वाजू दिली, स्टेशनचं नाव घेतलं, सगळ्यांना जपून घरी जा म्हणाली, आणि बटण दाबलं.

सोमवारी कंट्री रीतसर सुरू झालं ते झालंच. एका दुपारीने कंपनीचं मन काही पालटलं नाही. केंट बफेलोला गेला. रोंडाने पंधरा दिवस बागेतले टोमॅटो बांधण्यात आणि झोपा काढण्यात घालवले. आश्चर्य म्हणजे भांडी घासताना ती गाणी म्हणू लागली होती.

ऑगस्टमध्ये अर्लचा फोन आला. पोलंडहून आलेल्या लोकांच्या पोलिश क्लबच्या छपरावर एक छोटा ट्रान्समीटर होता, कुणा उत्साही पाद्र्याने बसवलेला. परवाना होता, पण बोलणारं कुणी नव्हतं.

“किती लांब ऐकू जातं?” रोंडाने विचारलं.

“वारा चांगला असला तर टेकडीपर्यंत.”

“आणि यादी कोण देणार?”

“कसली यादी?” अर्ल म्हणाला.

पहिल्या शनिवारी सकाळी ती क्लबच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसली. भिंतीपलीकडे बायका पिएरोगी, म्हणजे पोलिश करंज्या, लाटत होत्या आणि मध्येच कुणीतरी आवाज जरा वाढव म्हणून भिंत ठोकत होतं. रोंडाने चौथं गाणं लावलं आणि फोन वाजला. आवाज कोवळा, मागे बाळाची कुरकुर.

“हे आत्ता लागलंय ते कुणाचं? नवीन बँड आहे का?”

“नवीन?” रोंडा खुर्चीत सावरून बसली. “तुम्ही कोण बोलताय?”

“मी खालच्या रस्त्यावरच्या बेकरीत असते. रेडिओवर काटा फिरवताना लागलं. यांचा कार्यक्रम होणार आहे का इकडे कुठे?”

“बाई गं, त्यातले दोघं वारले. तिसरा फ्लोरिडात घरं विकतो.”

 पलीकडे बाळाची कुरकुर थांबली होती.

“मग रेकॉर्डच पुन्हा लावाल का?” ती मुलगी म्हणाली. “हा रडायचा थांबलाय.”

रोंडाने सुई उचलली आणि पुन्हा सुरुवातीला नेऊन ठेवली.